बिनभोकाच्या चित्राबद्दल
कळवा, बुधवार

चि. दिशा हिला परशुराममामाचे अनेक आशीर्वाद. डोंबिवलीत तुम्ही सगळे बरे असाल. इकडे मीही बरा आहे, पण ते कुणाला पटत नाही.

माळ्यावरचं पातेलं काढताना मी स्टुलावरून पडलो, हे तुला माहीत आहेच. डोक्याचा सीटी स्कॅन झाला. रिपोर्टात ‘हाड शाबूत’ असं लिहिलंय. पण सोबत कवटीचं गोल फिरणारं रंगीत चित्र मिळालं, ते मी (अक्कल बघ) सगळ्यांची काळजी मिटावी म्हणून घरच्या ग्रुपवर टाकलं. त्यात कानाच्या वर चक्क भोक दिसतंय. रिपोर्ट वाचतो कोण? चित्र मात्र अख्ख्या आळीनं पाहिलं. (माझा थोरला भाऊ जगन म्हणाला, त्याला हा संशय लहानपणापासून होताच.) तेव्हापासून तुझ्या सगुणामामीनं स्कूटरची किल्ली लपवलीय आणि हेल्मेट मात्र घरात घालायला लावते, जेवतानासुद्धा.

तू अशीच चित्रं बनवतेस म्हणून तुला फोन केला. तू बोलत होतीस तोवर सगळं कळत होतं, फोन ठेवला आणि कळेनासं झालं. म्हणे कॉम्प्युटर डोक्यात किरण सोडतो, तो पावलं टाकत जातो आणि प्रत्येक पावलाला ‘इथे किती घट्ट?’ असं विचारतो. पावलं लांब पडली की पातळ हाड ओलांडून पुढे जातो, आणि चित्रात भोक पडतं. म्हणजे आपल्या मिठागराच्या बांधासारखंच ना? माझे वडील खेकड्यांची बिळं शोधायला बांधात काठी खुपसत चालायचे. दोन-दोन हातांवर खुपसली तर बीळ हुकायचं, म्हणून ते वितीवितीवर खुपसत. पण तिथे बीळ असून सापडत नसे, इथे नसून सापडलंय. इथेच माझा घोळ होतो.

हे सगळं मी सगुणाला समजावलं, बांधासकट. ती शांतपणे म्हणाली, “भोक नसता त तुमी असा कशाला बोलला असता?”

तर स्कॅनची फाईल तुला पाठवली आहे. किरणाला पावलं अगदी बारीक टाकायला लाव, वेळ लागला तरी चालेल, आणि बिनभोकाचं चित्र पाठव.

तुझा,
परशुराममामा

ता.क. : घाई नको. भोक दिसल्यापासून मामी माझ्यावर एकदाही चिडलेली नाही, आणि रविवारी जिताडा मासा आणायचा म्हणतेय. सोमवारी पाठव.

ता.क. दुसरा : सोमवार नको, आजच पाठव. आत्ता दुपारी डोळे मिटून पडलो होतो. मला झोप लागली असं समजून सगुणानं हळूच हेल्मेट काढलं आणि कानाच्या वर तळवा दाबून बसली, बांध फुटला की माती येईपर्यंत हात लावून बसतात तशी. मी डोळे उघडले नाहीत. चित्र मला नको, तिच्या मोबाईलवर पाठव.