इशिता राजाराम यांची कादंबरी

प्रिय इशू,

फोन असताना बाबांना पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर तू आईशी बोलतेस, माझ्या वाट्याला तुझ्याकडच्या वेलिंग्टनच्या वाऱ्याची बातमी तेवढी येते, आणि मला जे सांगायचंय त्याला जरा ऐसपैस जागा लागेल.

तुझी कादंबरी मी वाचतोय. मार्चमध्ये आपल्या इथल्या हेन्डरसनच्या लायब्ररीत मोठ्या अक्षरांची पुस्तकं बघायला गेलो होतो, कारण तुझ्या आईला हल्ली बारीक टाईप त्रास देतो. काउंटरवरच्या बाईंनी एक पुस्तक पुढे केलं आणि म्हणाल्या, ही लेखिका इथेच वाढली, हिची पुस्तकं शेल्फवर टिकत नाहीत. कव्हरवर समुद्रकाठचं चिमुकलं गाव, दिवा लागलेलं एकच घर, आणि खाली नाव, इशिता राजाराम. तीन वर्षांपूर्वी तू आयटीतली नोकरी सोडलीस तेव्हा जेवताना मी म्हणालो होतो, असलं बाजारू लिहिणार असशील तर आपलं आडनाव त्यावर घालू नकोस. तू आडनाव घातलं नाहीस, माझं नाव घातलंस. मी ते माझ्या कार्डावर नोंदवून घेतलं.

घरी आणलं तर मोठी अक्षरंही तिला लागेनात. मग दुपारच्या चहानंतर मी रोज एक प्रकरण वाचू लागलो, जमेल तसं मराठीत सांगत. तुझी ती नर्स ॲना एकटीच त्या गावात राहायला येते, आणि रोज सकाळी तिच्या मागच्या दाराशी ओल्या बुटांचे ठसे दिसतात, तिथे आम्ही दोघं पुरते अडकलो. मी इंजिनिअर माणूस, वीजबिलाच्या पाठीवर संशयितांची यादी केली. माझा संशय बेकरीवाल्यावर. तुझी आई म्हणते तो फार गोड बोलतो म्हणून तो नसणार, लेखिका एवढी सोपी नाही. बोटी दुरुस्त करणाऱ्या त्या टॉमवर मात्र तिचा पहिल्या दिवसापासून विश्वास. तो गुन्हेगार निघाला तर इशूशी बोलणार नाही, असं तिने जाहीर केलंय.

नवव्या प्रकरणात माझी पंचाईत झाली. टॉम आणि ॲना बोटीच्या शेडमध्ये पावसात अडकतात, त्यापुढचं मी गाळलं आणि सांगितलं की मग ते दोघं बोलत बसले. तुझी आई म्हणाली, "अहो, चार पानं उलटल्याचा आवाज आला मला. मी तीस वर्षं नर्स होते, वाचा नीट." वाचलं. ते तेवढं इंग्रजीतच वाचलं, माझ्या मराठीला झेपेना.

एकदा मी तिला विचारलं, यात तुला एवढं काय आवडतं? शेवट गोड होणार हे तर पहिल्या पानापासून ठाऊक आहे. ती म्हणाली, म्हणूनच तर मनसोक्त घाबरता येतं. आणि त्या गावात तिसऱ्या दिवशी डेअरीवाल्या बाईला ॲनाचं नाव माहीत असतं. मग म्हणाली, "आपण या देशात आलो तेव्हा तुम्ही वेलिंग्टनला नोकरीला, शुक्रवारी यायचात. मी सहा वर्षांच्या इशूला घेऊन या घरात. मागे खुडबुड झाली की दाराला खुर्ची लावून बसायचे. हाक मारायची तर कोणाला, शेजाऱ्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती. ॲना तसंच करते बघा, खुर्ची लावते. पण तिने हाक मारली की कोणीतरी येतं."

मला हे ठाऊक नव्हतं, इशू. चार वर्षं चालू होतं आणि एकाही शुक्रवारी तिने सांगितलं नाही. तू तेव्हा जागी असायचीस हे तिलाही आत्ता कळलं, तुझं पुस्तक ऐकून. ज्याला मी बाजारू म्हणालो त्यात माझ्याच घरातली गोष्ट होती, आणि मला ती लायब्ररीतून आणावी लागली. मी चुकलो. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. तीन वर्षं फोनवर तू बाबा कसे आहेत असं आईला विचारलंस, आणि मी शेजारी बसून ऐकत राहिलो.

आता मुख्य गोष्ट. तुला सांगायचं नाही असं तिने मला बजावलंय, तरी सांगतो. नुसत्या बारीक टाईपचा प्रश्न नाही. तिचा डावा डोळा जवळजवळ गेला आहे, उजव्यात दर महिन्याला इंजेक्शन देतात. कडेचं दिसतं, पण समोरच्या माणसाचा चेहराच नेमका पुसट होत चाललाय. किती दिवस एवढं तरी राहील हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. परवा शेवटची दोन प्रकरणं उरली तेव्हा तिने माझ्या हातातलं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, हे इशूकडून ऐकू, ती वाचत असताना मला तिच्याकडे बघायचंय. या महिन्यात ये. कुठल्या विमानाने येतेस ते कळव, न्यायला मी येतो.

तुझाच,
बाबा