तिसऱ्या ओळीतलं सातवं घर

प्रिय एंगेन सर,

तुम्हाला पत्र लिहिण्याचा आगाऊपणा करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तुमचं घर आमच्यापासून तीन कुंपणं पलीकडे. तरीही समोर उभं राहून जे मला सांगता येणार नाही, ते कागदावर कदाचित ओळीत लागेल. दुसरी क्षमा अधिक मोठी आहे. तुम्ही मला गॅरेजची किल्ली दिलीत ती उद्याच्या अंगणातल्या विक्रीसाठी काडतुसं भरायचा प्रेस, वजनाचा काटा आणि बाकीची अवजारं पुसून ठेवायला. उरलेली एकेचाळीस काडतुसं नेमबाजी क्लबच्या निकामी मालाच्या डब्यात टाक, असंही बजावलं होतंत. मी ती टाकली नाहीत.

शाळेत तुमच्या सुतारकामाच्या तासाला मी पक्ष्यासाठी घर केलं होतं आणि त्याला भोक पाडायचं विसरले होते. सगळा वर्ग हसला. तुम्ही ते हातात फिरवून म्हणालात, “हा पक्षी वाचणारा दिसतो. कुणी येऊ नये अशी सोय करून घेतलीय.” त्या वाक्याच्या आधारावर पुढे तीन हिवाळे मी दर शनिवारी तुमच्या गॅरेजमधल्या स्टुलावर येऊन बसले. आईला वाटे, मी तुमच्या थोरल्या बहिणीकडून, रॅग्नाबाईंकडून, विणकाम शिकते आहे. मांडीवर पुस्तक असे, पण पान उलटत नसे. तो पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा, दहादहाच्या पाच ओळी. वापरून झालेल्या पितळी पुंगळ्या धुऊन, मापून, बुडाशी ठिणगीच्या नव्या टोप्या लावून त्यांत तोंड वर करून उभ्या. टेबलावर बंदुकीच्या दारूचा एकच डबा. दुसरा डबा त्या वेळी कपाटाबाहेर येणं म्हणजे पाप. दारूच्या मापाचा दांडा वर, दांडा खाली, एका ओढीला एका पुंगळीत एक माप, आणि दर दहावं माप काट्यावर. शेवटी विजेरी धरून पन्नासही पुंगळ्यांत डोकावायचं. पातळी सगळीकडे सारखी दिसली, की वहीत ‘दिवा’ या शब्दापुढे खूण, आणि मगच गोळी बसवायची. भिंतीवर तुमच्या अक्षरातला फलक होता: ‘दारू भरताना तोंड बंद. खंड पडला तर सगळं परत डब्यात ओता, पहिल्यापासून भरा.’ न बोलणं हा जिथे दोष नव्हे, गुण होता, अशी मला ठाऊक असलेली ती एकमेव जागा होती. इतकी काळजी एखादा माणूस इतक्या लहान वस्तूची घेऊ शकतो, हे पाहताना चर्चमध्येही येत नाही तशी शांतता माझ्या मनात येई.

बारा एप्रिलच्या शनिवारी मात्र मी बोलले. कसं बोलले, मलाच माहीत नाही. खिडकीतून ऊन ठोकळ्यावर पडलं होतं, पुंगळीच्या तळाशी चिमूटभर करडी दारू आणि तिच्यावर सगळी रिकामी जागा. मी विचारलं, “सर, दारू एवढीशी आणि पुंगळी एवढी उंच. वरच्या पोकळीत काय असतं?” तुमचा हात दांड्यावर थांबला. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलंत, की जणू ते भोक नसलेलं घर उघडून कुणीतरी बाहेर डोकावलं होतं. “हवा असते, पोरी,” तुम्ही म्हणालात, “आणि बरोबर एक चूक मावेल एवढी जागा.” मग मी थांबलेच नाही. मिझूलाचं विद्यापीठ, तिथली तोंडी मुलाखत, तिची मला वाटणारी भीती, सगळं. तुम्ही हं हं म्हणत दांडा ओढत होतात आणि तुमची नजर ठोकळ्यावर कमी, माझ्यावर जास्त होती.

दुसऱ्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर काय झालं, ते तुम्हाला सांगण्याची गरज नाही. तरी मी काय पाहिलं ते तुम्हाला दिसलेलं नाही, म्हणून लिहिते. पहिले सहा बार नीट झाले. पुन्हा भरल्यावर दोन नीट झाले. पुढचा आवाज बाराचा नव्हताच, ऐरणीवर घण पडावा तसा होता. तुमच्या आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचं चक्र एका बाजूने उघडलं होतं, वरची पोलादी पट्टी भुवईसारखी कमानदार झाली होती, आणि चक्राचा तुकडा शेजारच्या खांबात बोटाच्या पेराएवढा रुतला होता. पोलाद असं फुलू शकतं, हे त्या क्षणी मला भयंकरही वाटलं आणि भव्यही. त्याहून भव्य तुम्ही होतात. अंगठ्यातून रक्त वाहत असताना तुम्ही हातातलं उरलंसुरलं हत्यार तोंड मातीच्या बांधाकडेच ठेवून खाली ठेवलंत, म्हणालात, “सगळे थांबा,” आणि मग मागे वळून पहिलं वाक्य: “थेआ, चष्मा डोळ्यांवर आहे ना तुझ्या?” तुमच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर तडा होता. चष्मा नसता, तर डोळा नसता.

त्यानंतरचे आठ आठवडे रॅग्नाबाईंनी गाजवले. अंगठ्याच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी रबरी चेंडू सांगितला, तर त्या म्हणाल्या, “चेंडू कशाला फुकट दाबतोस? बटाट्याचा गोळा मळ, निदान लेफ्साच्या पोळ्या तरी होतील!” तुम्ही मळत राहिलात. “थोरल्या बहिणीचं ऐकलं असतंस तर बंदुकीऐवजी लाटणं धरलं असतंस,” हेही त्यांनी ऐकवलं. पण त्याच बाईंनी मला मागच्या दारी गाठून, पदरी असलेला सगळा कडकपणा बाजूला ठेवून विचारलं, “अगं, तो प्रेस विकतोय. त्याला वाटतं त्याचं डोकं गेलं. गेलंय का गं?”

त्या प्रश्नासाठी मी ती काडतुसं टाकली नाहीत. चष्मा लावला, रॅग्नाबाईंना साक्षीला बसवलं, आणि गोळी उपटायच्या हातोडीसारख्या अवजाराने एकेक गोळी काढून एकेकीतली दारू तोलली. एकेचाळीस वेळा काटा त्याच रेघेवर आला, केसभर इकडे की तिकडे. रॅग्नाबाई विसाव्यानंतर मोजणं सोडून नुसत्या बघत राहिल्या. सर, म्हातारा हात असा चालत नाही. एकेचाळीस बरोबर, उडवलेली आठ बरोबर. फक्त एका पुंगळीत दारू दोनदा पडली.

मग टेबल आवरताना तुमची वही हाती आली. मी ती वाचायला नको होती. परंतु मी ग्रंथालयात काम करते, उघडं पान मला सोडवत नाही. ‘१२ एप्रिल. पन्नास. तिसऱ्या ओळीत सातव्या घराशी खंड. थेआ बोलली! ठोकळा ओतला नाही. ओतला असता तर ती गप्प झाली असती. दिवा नंतर.’ आणि ‘दिवा’पुढची जागा कोरी. तीस वर्षांच्या त्या वह्यांत मला दुसरी कोरी जागा सापडली नाही. तिच्याखाली दुसऱ्या दिवसाची नोंद, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात: ‘चूक माझी. वय झालं.’ म्हणजे चूक कुठे आणि का झाली, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी पुन्हा गप्प होऊ नये म्हणून तुम्ही स्वतःला म्हातारं ठरवलंत, आणि ते सिद्ध करायला उद्या प्रेसही विकणार आहात. ‘वय झालं’ हे वहीतलं एकच वाक्य खोटं आहे, आणि याहून मोठं काही माझ्यासाठी कुणी कधी केलेलं नाही. म्हणून हे पत्र. गॅरेजला मी कुलूप लावलं आहे आणि किल्ली माझ्याजवळ आहे. विक्रीला रॅग्नाबाईंची बरण्या-भांडी पुरतील. तुमचा अंगठा अजून दांडा ओढू शकत नाही, म्हणून उद्या दहा वाजता दांडा मी ओढीन. विजेरी तुम्ही धरा. स्टुलावर तुम्ही बसायचं, आणि वहीत दिव्यापुढे खूण होईपर्यंत एक अक्षरही बोलायचं नाही. ती खूण झाली, की मला मिझूलाच्या मुलाखतीचं सगळं सांगायचं आहे. मी काल जाऊन आले.

तुमचीच, दार सापडलेली,
थेआ

रॅग्नाबाईंच्या हाती दिलं: शुक्रवार, ६ जून २०२५, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे.