बहात्तर मीटरवरून

३ मार्च
या घरात माझ्या हातचं: जिना, दोन्ही कपाटं, जेवणाचं टेबल, खिडक्यांच्या चौकटी, माळा. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. जिन्याच्या पायऱ्यांत एका सुताचा फरक काढून दाखवावा कुणी. घर घेणारा रविवारी येतोय, त्याला हे सगळं दाखवायचं. त्याचे वेगळे पैसे धरायचे.

काल नवा फ्लॅट पाहायला गेलो. बायको सरळ काचेच्या दारावर आपटली. "लक्ष कुठं असतं तुझं?" चारचौघांत बोललो. कपाळावर टेंगूळ आलंय.

५ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. हिचे दोन्ही डोळे ६/६०. पडदा झिजलाय, चष्म्यानं फरक पडणार नाही, आहे ते टिकवायचं. मी समजल्यासारखी मान डोलावली. मनात हिशेब — साठपैकी सहा, दहा टक्के. बाहेर आल्यावर ही म्हणते, "गणितातसुद्धा मला इतके कमी पडले नव्हते हो."

गेलोच होतो म्हणून माझेही तपासले. ६/५. पाचपैकी सहा मार्क! असा निकाल कुठल्या शाळेत लागतो? विचारलं मात्र नाही.

६ मार्च
रंधा मारताना उलगडलं. हे मार्क नव्हेतच — अंतरं आहेत. वरचा आकडा: आपण तक्त्यापासून किती मीटरवर बसलो. खालचा: तेच अक्षर चांगल्या डोळ्याला किती मीटरवरून वाचता येतं. म्हणजे लोक साठ मीटरवरून वाचतात, त्यासाठी हिला सहावर यावं लागतं. आणि लोक पाचावर येऊन वाचतात ते मी सहावरूनच वाचतो.

डॉक्टरीणबाईंना फोन करून खात्री केली. "अगदी बरोबर, काका." बरं वाटलं. मग वाटेनासं झालं.

७ मार्च
हिला फाटकात उभं केलं आणि टेप लावत रस्त्यानं गेलो. हिला सहा मीटरवरून दिसतं तेवढंच दिसायला चांगल्या डोळ्याला साठ मीटर. माझ्या डोळ्याला पाचाला सहा या हिशेबानं बहात्तर. तिथून वळून फोन लावला.
"काय करतेयस?"
"हसतेय. नवरा रस्ता मोजतोय, शेजारीण बघतेय, आणखी काय करू?"

हसू दिसलं नाही. तोंडच दिसेना, हसू कुठलं!

जेवणाच्या टेबलापासून माझी खुर्ची बरोबर सहा मीटर. तिथून मी भुवई उडवून चहा मागतो, आणि ही बघत नाही म्हणून चिडतो.

८ मार्च
विचारलं, "मग घरात कशी आपटत नाहीस?"
"तुम्ही सगळं मापात बसवलंय ना. पायरी पायाला माहीत, कपाटाची कडी हाताला. बघावं लागतच नाही."
"घर विकायचं ठरलं तेव्हा का नाही बोललीस?"
"तुमचा जीव त्या फ्लॅटमध्ये अडकला होता."

९ मार्च, रविवार
घर घेणारा आला. जिना दोनदा चढला-उतरला, हात फिरवून पाहिला. माझ्या कामाचे वेगळे धरून त्यानं आकडा सांगितला. नाही म्हणालो. एकाहत्तर लाखांना! आता घर विकायचं नाही.