‘नि.’ असा शेरा असलेली दोनशे बारा झाडं

मी, शेवटी सही करणारा, वय वर्षे शहात्तर, महापालिकेच्या उद्यान खात्यातून निवृत्त झालेला झाड-निरीक्षक, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सकाळीच तपासून तसा दाखला दिला आहे. हृदयाबद्दल त्यांनी दाखल्यात काही लिहिलं नाही आणि तोंडीही बोलायचं टाळलं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरं माणूसच उरलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असेल असं कोणी म्हणालं तर ते खोटं समजावं.

कलम एक. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी असं हे घर माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावं. जावयांना गॅलरी बंद करून खोली वाढवायची आहे, हे मला ठाऊक आहे. पडद्यांची मापंही घेऊन झाली आहेत. खुशाल वाढवावी. तिच्या आईचं लोखंडी कपाट मात्र भंगारात देऊ नये. त्याचं दार लागत नाही, त्याला माझी हयगय कारणीभूत आहे, कपाट नव्हे.

कलम दोन. बँकेत जे काही निघेल ते नातीच्या शिक्षणाला. तिला जे शिकायचं असेल ते शिकू द्यावं. त्यात आजोबांचं नाव मध्ये आणून तिला झाडांकडे ढकलू नये.

कलम तीन. माझी हत्यारं, म्हणजे लाकडी हातोडी, पातळ पोलादी सळई, टेप आणि दुर्बीण, माझ्या जागेवर आलेल्या निरीक्षक बाईंना द्यावीत. हातोडी खोडावर मारली की भरीव खोड टणक वाजतं, पोकळ खोड घुमतं. मग सळई घालून पोकळी किती खोल आहे ते पाहायचं. एवढं साधं काम आहे, पण त्यासाठी झाडापर्यंत चालत जावं लागतं. खात्यात आता चालत जाणाऱ्या त्या एकट्याच आहेत. बाकीचे संगणकात बघून झाडाची तब्येत सांगतात.

कलम चार. वरच्या मजल्यावरच्या वकिलांना माझ्याकडून काही नाही. कोपऱ्यावरच्या झाडाची पानं गाडीवर पडतात म्हणून त्यांनी बुंध्याला भोकं पाडून ॲसिड ओतलं. मी रंगेहाथ पकडलं तर म्हणाले, "पुरावा आहे का काका?" झाड दोन वर्षं तडफडून वाळलं. वकिलांनी माझ्या अंत्ययात्रेला येऊ नये. आलेच तर गाडी उन्हात लावावी, आता तिथे सावली नाही.

आमच्या वेळचे खातेप्रमुखही अजून आहेत म्हणे. सुशोभीकरणाच्या नावाखाली त्यांनी चार रस्त्यांवरची झाडं बुंध्यापर्यंत सिमेंटने बुजवली. त्यांना मी माफ केलं आहे. एका माणसाने माझ्यासाठी तेवढं करावं अशी माझी इच्छा असताना मी दुसऱ्यावर डूख धरून बसणं बरं दिसत नाही.

कलम पाच. यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

माझ्याकडे नऊ वह्या आहेत. शहरातल्या सहा हजारांवर झाडांच्या मी एकेक करून केलेल्या नोंदी त्यात आहेत. नवव्या वहीत पुढच्या चाळीस वर्षांची योजना आहे: कुठल्या रस्त्यावरची झाडं साधारण कुठल्या दशकात म्हातारी होतील, आणि ती जाण्याआधी दहा-बारा वर्षं त्यांच्या शेजारी कुठलं रोप लावायचं. तसं केलं तर एकही रस्ता कधी बोडका होणार नाही. ही योजना मी निवृत्तीनंतर अकरा वर्षं खपून केली. ती कुचकामी आहे. कारण ती ज्या शेऱ्यांवर उभी आहे ते शेरेच खोटे आहेत.

शेऱ्याच्या रकान्यात मी आखूड लिहायचो. ‘नि.’ म्हणजे निरोगी. खात्यात एक कारकून होता, त्याचं अक्षर इतकं मोत्यासारखं की सगळे त्याला मोतीच म्हणायचे. "साहेब, हे कुत्र्याचं नाव आहे," असं तो कुरकुरायचा, पण आतून खूश असायचा. माझ्या कच्च्या वह्यांवरून पक्की नोंदवही तो उतरवायचा आणि त्यात ‘नि.’चं ‘निरोगी’ असं पूर्ण लिहायचा. पुढे काम वाढलं. ज्या झाडांबद्दल शंका होती, जी दर सहा महिन्यांनी पाहायला हवी होती, तीही मी ‘निरीक्षणाखाली’ असं लिहायच्या कंटाळ्याने ‘नि.’ करून मोकळा होऊ लागलो. माझ्या मनात फरक स्पष्ट होता. कागदावर नव्हता.

एका रविवारी मोती वह्या घेऊन घरी आला. याच टेबलाशी बसून त्याने विचारलं, "साहेब, अलीकडे नि. फार दिसतात. सगळे निरोगीच ना?" मी दाढी करत होतो. "हो रे, लिही तू," असं मी आरशातूनच म्हणालो.

त्यानंतर चार महिन्यांनी बसथांब्याजवळचा गुलमोहर कोसळला. खाली एक परिचारिका उभी होती, सकाळच्या पाळीला निघालेली. ती जागीच गेली. तिचा डबा थांब्याच्या बाकावर तसाच होता, त्याला ओरखडाही नव्हता. त्या झाडाच्या खोडात माझी सळई कोपरभर आत गेली होती, आणि मी त्यापुढे ‘नि.’ लिहिलं होतं.

चौकशी झाली. माझ्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. मी सांगितलं, नि. म्हणजे निरीक्षणाखाली, कारकुनाने न विचारता भलतंच लिहिलं. मोती म्हणाला, मी साहेबांना विचारलं होतं. मी म्हणालो, "असं काही विचारल्याचं मला आठवत नाही." सगळं खापर त्याच्यावर फुटलं आणि त्याची नोकरी गेली. मला निरोपाला शाल मिळाली.

मला आठवत होतं. माझ्या बायकोलाही आठवत होतं, कारण त्या रविवारी ती आमच्यासाठी चहा घेऊन आली होती. तिने मला एकदाच विचारलं, "खरंच आठवत नाही?" मी वर्तमानपत्र उघडलं. त्यानंतर तिने माझं ताट कधी चुकवलं नाही, पण मी जेवत असताना ती समोर बसायची नाही. आठ वर्षं, ती जाईपर्यंत, असंच चाललं.

मोतीला काढलं, पण त्याने लिहिलेली नोंदवही कोणी दुरुस्त केली नाही. तीच पुढे संगणकात गेली. मी दुरुस्तीचं बोललो असतो तर मलाच विचारलं असतं, कुठला नि. कुठला, आणि ते आज माझं मलाही सांगता येत नाही. मी मूग गिळून बसलो. वह्या पुन्हा चाळल्या तेव्हा काम वाढल्यानंतरची, अशा दुहेरी ‘नि.’ची दोनशे बारा झाडं निघाली. मागच्या महिन्यात त्यातलं एक वाचनालयासमोर पडलं. खाली सायकली होत्या, माणसं नव्हती. त्या दिवसापासून मला झोप नाही.

तरी माझ्या मृत्यूनंतर मुलीने हे मृत्युपत्र आणि नऊ वह्या आयुक्तांना स्वतः नेऊन द्याव्यात, मोती निर्दोष होता हे वर्तमानपत्रात छापून आणावं आणि ती दोनशे बारा झाडं हातोडीने तपासून घ्यावीत.

(इथपर्यंत काल लिहिलं. पुढचं आज, साक्षीदारांसमोर.)

दुसरा साक्षीदार म्हणून मी मोतीला बोलावलं होतं. कोर्टाजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याची सही असली तर माझ्या म्हणण्याला वजन येईल, असं मी त्याला फोनवर सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. त्याने सही केली असती तर मी सुटलो, असं मला वाटलं असतं.

तो आला आणि उभ्यानेच वाचू लागला. डॉक्टर आणि गरज पडलीच तर म्हणून बोलावलेले खालच्या मजल्यावरचे शिंपी खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटचं पान त्याने दोनदा वाचलं.

"हे तुम्ही मेल्यावर उघडणार?"

"मृत्युपत्र आहे रे. मेल्यावरच उघडतात."

"आणि अजून दहा वर्षं जगलात तर?"

मी पेनाला टोपण लावलं.

"तोवर लोकांनी त्या झाडांखाली उभं राहायचं?" त्याचा आवाज चढला नव्हता. "माझं सोडा. एकोणीस वर्षं मी सांगत फिरलो, आता कोणी विचारतही नाही. पण तुम्हाला लाज वाटणार म्हणून तुम्ही दोनशे झाडं स्वतःच्या मरणाला बांधून ठेवलीत."

मी त्याच्याकडे माफी मागितली. तो म्हणाला, "नाही करणार. सहीही नाही आणि माफही नाही. वह्या कुठे आहेत?"

नऊच्या नऊ वह्या त्याने कपाटातून काढल्या, पिशव्यांत भरल्या आणि दोन फेऱ्यांत खाली नेल्या. तो फाटकाशी टॅक्सी थांबवून उभा आहे. वाचनालयावरून जायचं नाही, असं ड्रायव्हरला सांगताना त्याचा आवाज वर ऐकू आला.

सबब कलम पाचमधला ‘तरी माझ्या मृत्यूनंतर’ या शब्दांनी सुरू होणारा मजकूर मी रद्द करत आहे. ते काम माझ्या मुलीचं नाही. पुढची कलमं लिहायची राहिली. उरलेल्या किडुकमिडुकाचं तिने तिच्या मनाने पाहावं. आयुक्तांसमोर काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही. मोती शेजारी बसलेला असेल, त्यामुळे या वेळी मला खोटं बोलता येणार नाही.

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार पहिला : समोरच्या दवाखान्यातील डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरा : खालच्या मजल्यावरील शिंपी (सही). आधी लिहिलेलं नाव त्या माणसाच्या सांगण्यावरून खोडलं आहे.

ठिकाण : राहतं घर, दुसरा मजला

दिनांक : ११ जुलै, सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. बाहेर वारा सुटला आहे.