डाव्या डोळ्याच्या सुरकुत्या

दि. ९ नोव्हेंबर, गुरुवार सकाळ

ती. दादा,

धाकटीचा नमस्कार.

मुलांना खस्ता खाऊन वाढवलं आणि ऐन वेळी मुलांनी आपलं ऐकलं नाही, अशा जगातल्या तमाम वडीलधाऱ्यांनो! आपल्यावर अन्याय झाला आहे. आपण रस्ता आखून दिला आणि कार्टी भलत्याच गल्लीत शिरली.

सभा मोठी आहे, पण आज तिला श्रोता एकच, तो म्हणजे तू. वहिनी गेल्यावर भिंगरीला आपण दोघांनी मिळून वाढवलं, तेव्हा तक्रारही आपली समाईक आहे. तुझी मुलगी रसायनशास्त्राचं शेवटचं वर्ष अर्ध्यावर टाकून लोकांची तोंडं रंगवायला निघून गेली. तू तिचं नाव टाकलंस. मी भावाची बाजू घेतली, आणि आपण दोघेही त्या तक्रारीवर आजवर सुखाने कुढत आलो.

"झालं हिचं सुरू," असं म्हणून पत्र बाजूला ठेवू नकोस. समोर बोलायला बसले की तू रेडिओ मोठा करतोस, म्हणून लिहिते आहे.

मी बरी आहे. दाढ काढली. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती, तर शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडे पेढे पाठवायचं तेवढं बाकी ठेवलं. आता तोंड पूर्ववत चालू आहे. तुझ्या गुडघ्याला शेक देतोस ना? दवाखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांना औषधं मोजून दिलीस, स्वतःची मात्र विसरतोस.

आता मुद्द्यावर येते. गेल्या शनिवारी मी नाटकातल्या पडद्यामागच्या कामगारांच्या मेळाव्यात बोलायला गेले होते. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे जेवायला आले, तेव्हा तू विचारलंस, "कसा झाला मेळावा?" मी म्हटलं, "चांगला झाला." आणि ताटातल्या भाजीकडे बघत बसले. सगळं भाषण पाठ असणारी तुझी बहीण त्या दोन शब्दांपुढे जाऊ शकली नाही. का, ते आज सांगते.

मेळावा नाट्यगृहातच होता. मी नेहमीप्रमाणे तापले. जे हात दिसत नाहीत त्यांच्या जोरावर हा झगमगाट उभा आहे, वगैरे वगैरे. टाळ्या झाल्या. मग सूत्रसंचालक म्हणाले, "आता आमच्या मुख्य रंगभूषाकार बाई आभार मानतील." आणि पहिल्या रांगेतून भिंगरी उठली.

दादा, तिने माझ्याकडे बघून पापणीसुद्धा हलवली नाही. "प्रमुख वक्त्यांचे आभार," म्हणाली. आवाज थेट वहिनीचा, पण ठाशीवपणा आपल्या घरचा. सभा संपल्यावर सरळ माझ्याकडे आली.

"आत्या, घसा बसलाय तुझा. चहा घे. पण माझ्या खोलीत यावं लागेल, मला आता म्हातारा तयार करायचाय."

जणू काही आदल्या आठवड्यातच भेटलो होतो! मी मुकाट्याने मागे गेले. आता तूच सांग, मला मुकाट्याने मागे येताना तू कधी पाहिलं आहेस?

ती खोली म्हणजे मेकअपच्या डब्यांची खोली नव्हे. एका भिंतीला फळ्यांवर प्लास्टरची डोकी, डोळे मिटलेली, ओळीने. लाकडी डोक्यांवर केसांचे टोप. एका मुलीने जाळीच्या पट्टीत सुईने एकेक केस ओवायला घेतला होता. ती मिशी होती. दुसरी पातेल्यात काहीतरी ढवळत होती आणि वास तुझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीसारखा येत होता. सगळ्या तिला "मॅडम" म्हणतात आणि घाबरतात. "हे कोणी घोटलं? गुठळ्या बघ. हे नटाच्या गालाला लावायचंय, भिंतीला नाही." मला शाळेतल्या बाई आठवल्या. मी पाय जुळवून बसले.

मोठ्या आरशासमोर एक देखणा, तिशीतला नट बसला होता. गावातल्या भिंती त्याच्याच पोस्टरनी भरल्या आहेत. आणि त्या पोस्टरवर त्याच्या नावाच्या खालोखाल, त्याच जाडीच्या अक्षरांत, तुझ्या मुलीचं नाव आहे. आडनावासकट. तू टाकलेलं नाव गावभर चिकटवलेलं आहे, दादा.

नट मला म्हणाला, "आत्याबाई, तुमच्या भाचीने माझा संसार धोक्यात आणलाय. बायको म्हणते, म्हातारपणी तू असा दिसणार असशील तर मला आत्ताच विचार करायला हवा."

"बोलू नका. गाल हलतो," भिंगरी म्हणाली, आणि सुरुवात केली.

मी इतकी पुस्तकं वाचली, माणसाच्या चेहऱ्यासाठी कितीतरी विशेषणं गोळा केली. करारी, प्रसन्न, रापलेला. त्या खोलीत त्यांतलं एकही कामी येईना. तिने त्याच्या गालाची कातडी दोन बोटांनी ताणून धरली, वर ओल्या रबराचा पातळ थर दिला, केस वाळवायच्या यंत्राने तो वाळवला आणि बोटं सोडली. गाल आक्रसला. जिथे काही नव्हतं तिथे डोळ्यांदेखत सुरकुत्या आल्या, पाण्यावर तरंग येतात तशा. मी खुर्ची पुढे ओढली. तिने पापण्यांवर कांद्याच्या पापुद्र्याएवढे पातळ तुकडे बसवले आणि डोळे खोल गेले. गळ्याखाली कातडी लोंबली. मग रंग.

"म्हातारपण पांढरं नसतं, आत्या," ती हात न थांबवता म्हणाली. "शिकाऊ लोक पावडर फासतात आणि भूत उभं करतात. नीट बघ. इथे जांभळं असतं, इथे हिरवट, कानाच्या पाळीला पिवळं. पांढरे फक्त केस. आणि तेही सगळे नाही."

हे ती कुठे शिकली, ते कामाच्या ओघात कळत गेलं. सलूनमध्ये कापलेले केस झाडण्यापासून सुरुवात केली. नवऱ्यामुली सजवल्या. तिथे नाव झालं, पैसा आला, तर तो धंदा दुसरीच्या हवाली करून एका वृद्ध रंगभूषाकाराकडे ब्रश धुवायला गेली. "तिथे नवऱ्यामुली सगळ्या एकसारख्या दिसायला लागल्या होत्या," म्हणाली. "माझा हात मेला असता." मध्ये काही वर्षं भाजलेल्या माणसांच्या इस्पितळात आठवड्यातून एकदा जायची. एका बाईच्या भुवया जळून गेल्या होत्या. हिने केस ओवून भुवया करून दिल्या. ती बाई आरशासमोरून उठेचना. शेवटी हिने विचारलं, "काही चुकलं का?" तर ती म्हणाली, "नाही गं. मला रागावून बघता येतंय. किती दिवसांनी रागावता येतंय!"

दादा, मी आजवर श्रमाच्या प्रतिष्ठेवर किती सभा गाजवल्या. त्या बाईला तिचा राग परत देणारं एक वाक्य मला बोलता आलेलं नाही.

असो. मग ती डोळ्यांकडे वळली. नाटकातला म्हातारा जहाजाचा निवृत्त कप्तान आहे. तिने त्याच्या डाव्या डोळ्याच्या कडेला सुरकुत्यांचा नुसता पंखा उलगडला. उजवा डोळा जवळजवळ साफ सोडला.

मी म्हटलं, "अगं, उजवा राहिला."

"राहिला नाही. तो एवढाच. हा माणूस जन्मभर एकच डोळा बारीक करून बघत आलाय."

मिशी ओवणारी मुलगी म्हणाली, "दुर्बिणीमुळे. कप्तान ना ते."

"दिग्दर्शकाला मी दुर्बीणच सांगितली," भिंगरी म्हणाली. "दुर्बीण कसली! डॉक्टरांचं अक्षर."

आणि तिचा हात थांबला.

खोलीत कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. दवाखान्याच्या खिडकीमागे चिठ्ठी उजेडाला धरून, डावा डोळा मिटत मिटत, "हे औषध आहे की शिवी?" असं पुटपुटणारा माणूस मी ओळखते. शाळा सुटल्यावर ती तिथेच कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची. आपल्याला वाटायचं, अभ्यास करते आहे.

तिने त्याला चष्मा चढवला. नटाने मान वर केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी उठून उभी राहिले. लहानपणी तू घरात आलास की उठायची, तशी. "दादा" म्हणाले की नाही, आठवत नाही. म्हणाले असेन, कारण सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

आता तू चिडशील. माझा चेहरा चोरला, परवानगी घेतली नाही, म्हणशील. मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, "मी दुसरे खूप करून बघितले, आत्या. म्हातारा म्हटलं की हाताला हाच येतो. दुसरा कोणाचा चेहरा मला पाठच नाही."

मी जवळ जाऊन तुला बघत राहिले. एक गोष्ट मात्र खटकली. नाकपुडीपासून ओठाच्या कडेपर्यंत, आणि पुढे गालावर, वर वळलेल्या रेघा होत्या. ठळक, प्रेमाने काढलेल्या.

"या कसल्या गं?"

"हसण्याच्या."

"त्याला कुठे..." मी बोलायला लागले आणि गिळलं.

"मी होते तेव्हा नव्हत्या," ती म्हणाली. "नंतर आल्या असतील, असं मी धरलं. मी गेल्यावर रोजची भांडणं थांबली ना. घर शांत झालं असेल. बाबा मोकळेपणाने हसत असतील." मग ब्रश खाली ठेवून, एखादा कारागीर मापं विचारतो तितक्या सरळपणे तिने विचारलं, "तू तर बघतेस त्यांना. बरोबर आहे ना? कमी-जास्त करू का?"

हजारोंच्या सभेत मला निरुत्तर करायला लोक आले आणि हात चोळत परत गेले. या एका पोरीपुढे मात्र खोटं बोलायला जीभ वळेना, आणि खरं ठाऊकच नव्हतं. दर रविवारी तुझ्यासमोर बसून जेवते, पण तुझ्या गालावर कुठल्या रेघा आहेत ते मला सांगता येईना. तेवढ्यात नाटकाची घंटा झाली म्हणून सुटले.

दुपारचा प्रयोग मी बघितला. तू रंगमंचावर चाललास, बसलास, खिडकीतून समुद्राकडे बघत राहिलास. भोवती माणसं डोळ्यांना रुमाल लावून बसली होती. शेवटी सगळं नाट्यगृह उभं राहिलं. घरात टाळ्या आजवर मलाच पडल्या, दादा. त्या दिवशी तुझ्या चेहऱ्याला पडल्या. नटाने वाकून पडद्याआडून तिला हाताला धरून बाहेर ओढलं, तर टाळ्या दुप्पट झाल्या. ती मात्र प्रेक्षकांकडे बघत नव्हती. घामाने त्याच्या गालाची कड सुटली आहे का, ते बघत होती.

रविवारी तू मला म्हणालास, "टक लावून काय बघतेस? मला कावीळ झालीय का?" मी तुझ्या रेघा शोधत होते, दादा. मिळाल्या नाहीत. दाढा काढल्यापासून तुझा गाल आत गेला आहे. ओठांच्या कडा खाली ओढल्या आहेत. आणि कपाळावर मध्यभागी एक उभी चीर पडली आहे, जी तिच्या म्हाताऱ्याला नाही. ती कधी पडली, ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. फक्त तिला माहीत नाही. तिला वाटतं, तिच्या जाण्याने तू हसू लागलास. रोज दुपारी ती आपल्या हाताने तुला हसरा करते आणि स्वतःला समजावते, की चला, निदान एवढं तरी बरं झालं.

हे मी सहन करणार नाही. मी आयुष्यभर खोट्याविरुद्ध बोलत आले आणि हे माझ्या घरातलं खोटं आहे, तेही सगळ्यांत सुंदर, म्हणून जास्त घातक.

या रविवारी इथला शेवटचा प्रयोग आहे. त्यानंतर नाटकमंडळी परदेशी निघतात. तिथल्या मोठ्या नाट्यसंस्थेने तिला रंगभूषा विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं आहे. परत कधी येईल, तिलाच ठाऊक नाही. मी तुला काही सांगणार आहे, याची तिला कल्पना नाही. तिने काही मागितलेलंही नाही.

मला तुझी शपथ आठवते. दारात उभा राहून म्हणाला होतास, "पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही." तू शब्दाचा पक्का, आणि मी तुझा शब्द मोडायला सांगणारी नव्हे. पण वाद घालण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून एक मुद्दा मांडते. तिने तुझं तोंड पाहायचं नाही, अशी शपथ कोणी घेतली होती? त्या खुर्चीत माणूस तसाही डोळे मिटूनच बसतो. मिटून घे. एक शब्द बोलू नकोस. काय खरं आणि काय खोटं, ते तिची बोटं ओळखतील.

रविवारी दुपारी बारा वाजता, नट यायच्या आधी, नाट्यगृहाच्या मागच्या दाराने ये आणि त्या खुर्चीत बस.

तुझ्या आधी पोचून दार उघडं धरून उभी राहणारी,
धाकटी