डाव्या हाताच्या कळा

आई, धाकट्याचा डावा हात कंपनीत गेला. हे आधी सांगून टाकते, कारण तू कँटीनमधून घरी आलीस की दारातच चपला काढता काढता विचारायचीस, "काय झालंय ते आधी सांग, बाकीचं मग." तर हे झालंय. चाकणच्या एका लहान वर्कशॉपमध्ये तो प्रेसवर होता. पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर काढायचा, पायानं पॅडल दाबायचं. वरचा साचा खाली येतो आणि पत्र्याला आकार मिळतो. दिवसभर हेच. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी हात बाहेर यायच्या आतच साचा खाली आला. कुणी म्हणतं हात आत असला की साचा अडवणारा सेन्सर बिघडलेला होता, कुणी म्हणतं काम लवकर उरकावं म्हणून तो बंदच ठेवला होता. मला फोन आला तेव्हा मी आमच्या कंपनीच्या डिस्पॅच ऑफिसात बसून गाड्यांची चलनं काढत होते. अंगठा राहिला, आई. बाकीची बोटं नाही राहिली.

बघायला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य म्हणून गेला, "डावा आहे हे नशीब समज, भावा." तो मान हलवायचा. लोकांचं तसं चुकत नव्हतं. जेवण उजव्या हातानं, सही उजव्या हातानं. पण त्या डाव्या हातानं तो काय करायचा, हे फक्त मला माहीत होतं. कंपनीतून आला, अंघोळ केली, की तो कॉम्प्युटरसमोर बसायचा. उजव्या हातात माऊस, आणि डाव्या हाताची बोटं कीबोर्डच्या चार बटणांवर. त्या बोटांनीच तो पुढे जायचा, मागे यायचा, पळायचा, उड्या मारायचा.

तू म्हणशील, एवढा मोठा घोडा झाला आणि खेळतो काय? मीही म्हणायचे. पण तो नुसता खेळत नव्हता. तो एक जुना परदेशी खेळ आहे. बर्फाचे डोंगर, मधे मधे लाकडी घरांची गावं, आणि त्यातून आपण एकटे भटकायचं. जगभरातली माणसं घरी बसून अशा खेळात स्वतःचे बदल करतात, त्याला मॉड म्हणतात, आणि ते करायला वेगळी हत्यारं लागतात, म्हणजे सॉफ्टवेअरच, पण तो हत्यारंच म्हणायचा. ते सगळं तो आपलं आपण शिकला. त्या बर्फातल्या गावाच्या बाजारात एक बाई कोबी विकायला बसलेली असते. त्यानं कोबी काढून तिच्यासमोर कांद्याच्या पोत्यांची थप्पी लावली. "ताई, इकडे ये, बघ, चाकण मार्केट!" म्हणून स्वतःशीच किती हसला होता. मी चहाचा कप त्याच्याजवळ ठेवला, "बरं आहे," म्हटलं आणि भाजी टाकायला गेले.

तो दवाखान्यात असताना कॉम्प्युटर चालू होईना. तो घरी येईपर्यंत नीट असावा म्हणून मी निगडीच्या एका दुकानात दिला. दुकानदारानं विंडोज नव्यानं टाकून दिलं, आणि पैसे घेऊन झाल्यावर विचारलं, "ताई, आतलं काही महत्त्वाचं नव्हतं ना?" सगळं पुसलं गेलं होतं. खेळ गेला, हत्यारं गेली, ती कांद्याची पोतीही गेली. मी हे धाकट्याला सांगितलं तेव्हा तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "असू दे. आता काय करायचंय त्याचं."

तुझ्या मागं आम्ही निगडी सोडली, कुरुळीत दोन खोल्या घेतल्या. खिडकीतून कंपन्यांच्या बसेस दिसतात. पट्टी निघाल्यानंतर तो त्या खिडकीपाशी कॉटवर बसून असायचा, डावा हात उशीखाली घालून. बोलणं जवळजवळ बंदच झालं. "जेवतोस?" "हं." "दुखतंय?" "नाही." एका संध्याकाळी मी विचारलं, "खेळ परत कॉम्प्युटरवर चढवून देऊ का?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कशानं खेळू?" म्हणाला, आणि परत बसेस बघायला लागला.

मी शोधलं. तिकडे परदेशात कुठंतरी एक हात नसलेल्याच कुणा माणसानं मॉड करून ठेवलंय. ते टाकलं की चालणं, पळणं, सगळं एकट्या माऊसवर होतं. मी ते वाचलं आणि कित्येक महिन्यांनी मला वाटलं, हे आपल्याला जमेल. बोटं मला आणता येणार नव्हती. पण हा कॉम्प्युटर होता, आणि कॉम्प्युटर तू मला दिला होतास.

आठवतंय तुला? दहावीनंतर सगळ्या बायका म्हणत होत्या की पोरीला शिवणक्लासला घाल, आणि तू मला निगडीत कॉम्प्युटरच्या क्लासला घातलंस. तिथं कीबोर्डवर हात ठेवायला मिळायचा जेमतेम, एका मशीनवर तिघीचौघी. मी तसं म्हटल्यावर तू कँटीनमधून तेलाच्या डब्यांच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन आलीस. मी त्यावर बटणं आखली. तू समोर बसून भाकरी थापतेस, तव्याचा चटका बसलेल्या मनगटावर पदराचं टोक दाबतेस आणि माझ्याकडे बघतेस. "अगं, ही अक्षरं अशी उलटीपालटी कामून लावलीत?" मला सांगता येत नाही. "असंच असतं," मी म्हणते. तू म्हणतेस, "मग असंच शिक." मी पुठ्ठ्यावर बोटं आपटत राहते. आज जे चार पैसे मिळवते ते त्या पुठ्ठ्यावरच शिकले.

पण आई, ते मॉड काही चालेना. खेळ उघडायचा, पण मॉड बसवायचं हत्यार उघडायचं नाही. आधी कळलं की व्हायरस पकडणारं सॉफ्टवेअर त्यातली एक फाइल गुपचूप उडवून टाकतं. ते आवरलं. मग कळलं की खेळाची आवृत्ती नवी आणि हत्यार जुन्या आवृत्तीसाठी. खेळ मागच्या आवृत्तीवर नेला. मग एक फाइल सापडत नाही म्हणे. ती आणून टाकली. प्रत्येक वेळी वाटायचं की आता झालं, मी ते उघडायचे, एक छोटी पांढरी चौकट यायची आणि लगेच मिटून जायची. काय चुकलं ते वाचायलाही मिळायचं नाही. माझ्या पाठीमागे तो कॉटवर. त्याला यातलं सगळं येत होतं. माझं कुठं अडतंय हे त्याला तिथून दिसत असणार, पण तो एक अक्षर बोलत नव्हता. "राहू दे ना ताई," एवढंच. मी चिडून माऊस टेबलावर आपटला. मग उचलून घेतला, पुसला, जागेवर ठेवला.

मला तुझ्या आजारपणातला दवाखान्यातला तो बाक आठवला. तू आत, मशीनला जोडलेली, आणि मी बाहेर, मांडीवर तुझी पिशवी. नर्स यायची, जायची. दर वेळी मी उठून उभी राहायचे आणि ती म्हणायची, "तुम्ही बसा." नातेवाइकांना अजून वाटतं की जाताना तू धाकट्याचा हात माझ्या हातात दिलास. तसं काही झालं नव्हतं. तू पाणी मागितलंस, डॉक्टर नको म्हणाले होते म्हणून मी नुसते ओठ ओले केले. बस. तो तेव्हा पाचवीत होता. दुसऱ्या दिवशीपासून मीच त्याचा डबा भरायला लागले.

आणि तू असताना मी त्याच्या बुटाच्या नाड्या बांधल्या तरी तू ओरडायचीस. एकदा शाळेला उशीर होत होता, मी खाली बसून त्याची नाडी बांधत होते आणि तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "त्याचं त्याला करू दे की! तू किती दिवस पुरणार हायस त्याला?" तो रडत रडत गाठ मारत बसला, त्याची शाळा बुडाली, आणि तू कामावर निघून गेलीस. मला तुझा फार राग आला होता. आता तो एका हातानं नाडी बांधायचा प्रयत्न करतो. एक टोक दातात धरतो. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते, भांडी वाजवते. तू असतीस तर काय केलं असतंस, हे मला खरंच कळत नाही.

मग एका गुरुवारी, इकडच्या कंपन्यांच्या सुट्टीच्या वारी, मी परत तेच घेऊन बसले होते. ती चौकट या वेळी जरा जास्त वेळ थांबली. त्यात एक लांबलचक ओळ होती आणि ओळीच्या मधोमध नुसती प्रश्नचिन्हं. मी ते वाचत होते तोच मागून आवाज आला.

"ताई, त्या प्रश्नचिन्हांच्या जागी काय आहे?"

मी वळून पाहिलं नाही. वळले तर तो गप्प होईल अशी भीती वाटली. "कुठल्या?"

"फोल्डरचं नाव बघ. कॉम्प्युटरला नाव काय दिलंयस?"

दुकानातून आणल्यावर कॉम्प्युटरनं नाव विचारलं होतं, तेव्हा मी मराठीत टाकलं होतं, 'आपलं घर'. मी सांगितलं.

"मग संपलं की," तो म्हणाला. "त्याला मराठी वाचता येत नाही. त्या नावाच्या आत जायला त्याला वाटच सापडत नाही. इंग्रजीत दुसरं अकाउंट कर, सगळं त्यात टाक."

तो कॉटवरून उठला, स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला आणि "हे दाब, आता हे, अगं थांब, घाई करू नको," असं सांगत राहिला. ती दुपार मला अजून दिसते. उशीखालचा हात त्यानं मांडीवर उघडा ठेवला होता. त्याच्या लक्षातही नव्हतं. पोह्यांची ताटली तशीच पडून होती. हत्यार उघडलं. मॉड बसलं. पडद्यावर बर्फ पडायला लागला.

मी उठून त्याला खुर्ची दिली. त्यानं उजव्या हातात माऊस घेतला. खेळातला माणूस चालायला लागला, थोडा अडखळत, पण चालला. पुलावरून गेला, चढ चढला. मी टाळी वाजवणार होते. तेवढ्यात त्याचा डावा हात आपोआप वर आला आणि जुन्या सवयीनं कीबोर्डवर त्या चार बटणांच्या जागी जाऊन बसला. तो थांबला. हाताकडे बघत राहिला.

"बोटं दाबतायत गं, ताई," तो म्हणाला. "मला कळतंय ना, दाबतायत. पण बटण दबत नाहीये."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं राहू दिला. थोड्या वेळानं तो उठला आणि खिडकीपाशी गेला. पडद्यावरचा माणूस चढावर तसाच उभा होता आणि त्याच्या अंगावर बर्फ पडत होता. शेवटी मी कॉम्प्युटर बंद केला.

आता तो परत कामाला जातो. त्याच वर्कशॉपनं त्याला गेटवर बसवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करायची. आत प्रेसचा आवाज चालू असतो. त्यावर तो बोलत नाही, मी विचारत नाही. खेळ चालतो. कधीतरी तो जरा वेळ बसतो, डाव्या अंगठ्यानं मोठं बटण दाबून उडी मारता येते हे त्यानं शोधून काढलंय. मग उठतो. पोती परत लावायचं मी एकदा सुचवलं, तर म्हणाला, "बघू." हत्यार चालायला लागलं आणि आमच्यातलं बोलणं पुन्हा "जेवतोस?" आणि "हं"वर आलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये हे मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून तुला सांगते. मागच्या सुट्टीला तो सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी कॉम्प्युटर लावला, त्या हत्यारात एके ठिकाणी बरोबरची खूण होती ती मुद्दाम काढून टाकली, आणि खेळ उघडायला गेले. उघडला नाही.

"अरे, हे परत बंद पडलं रे," मी हाक मारली.

तो जरा वेळानं उठला. स्टूल ओढून शेजारी बसला, माझ्या हातातून माऊस घेतला आणि एकेक चौकट उघडून बघायला लागला. "कालपर्यंत तर चालू होतं," म्हणाला. "तू काही दाबलंस का, ताई?"

मी नाही म्हणाले.