उघडून दाखवा

१४ ऑक्टोबर, मंगळवार

छाटणीचं मशीन बंद पडलं. चर्नी रोडच्या सोसायटीत, मेंदीच्या कुंपणावर, अगदी मधोमध. अर्धं कुंपण सरळ, अर्धं पिंजारलेलं. न्हावी मधेच पळून गेल्यासारखं दिसतंय.

बॅटरी काढली, पुसली, घातली. नाही. दसऱ्यानंतर एकदोनदा अडखळलं होतं, मी म्हटलं पात्यात काडी अडकली असेल.

सेक्रेटरी मेघना मॅडम गॅलरीतून बघत होती. "शांताबाई, दिवाळीच्या आत होईल ना? बागकामाचे एजन्सीवाले सारखे विचारतायत हो." विचारतायत म्हणे. हिनेच बोलावलं असणार. ही बाग गेली की माझं काय राहिलं? चार बाल्कन्यांच्या कुंड्या.

घरी येऊन बिल काढलं. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला घेतलेलं, मुहूर्त बघून. वॉरंटी एक वर्ष. परवा संपली. परवा! मशीनला कॅलेंडर वाचता येतं काय?

१५ ऑक्टोबर

दादरला, जिथून मशीन घेतलं त्या दुकानात गेले. पुष्कर बसला होता गल्ल्यावर. घेताना "मावशी, बसा, थंड घ्या". आज नुसतं "बोला".

बिल बघितलं. "मावशी, वॉरंटी गेली."

"तीन दिवसांपूर्वी गेली. मशीन काय तिची वाट बघत होतं?"

मशीन उचललं, कानाशी हलवलं, नाकाशी नेलं. म्हणतो, "आत पाणी गेलंय. वॉरंटीत असतं तरी काही मिळालं नसतं."

न उघडता कळलं? हा दुकानदार की देवऋषी? मी म्हटलं, उघडून दाखव. म्हणाला, आम्ही उघडत नाही, ते कंपनीचं काम. मी म्हटलं, मग पाणी गेलं ते कोणी सांगितलं, तुझ्या नाकाने? गिऱ्हाईकं हसली. तो नाही हसला. म्हणाला, "त्यापेक्षा नवीन मॉडेल बघा ना, ऑफर चालू आहे."

तरीच. जुनं एक वर्षात मरायला लावायचं आणि नवं पुढे करायचं. मशीन उचलून घेऊन आले.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे गो शांते. संपली ना वॉरंटी. कशाला नादी लागतेस?" रेशनचा तांदूळ खराब निघाला तर दुकानदाराची गचांडी धरणारा माणूस! आज एवढा थंड कसा?

१६ ऑक्टोबर

हाताच्या कात्रीने छाटते आहे. मनगटं सुजली. हे न सांगता बरोबर आले आणि दुसरी कात्री धरून दुसऱ्या टोकाला लागले. लग्नाला एवढी वर्षं झाली, बागेत पाय नव्हता ठेवला. गिरणीत साचेखात्यात फिटर होते ना, पानंफुलं म्हणजे बायकांची कामं. आता काय झालं एकदम? विचारलं तर म्हणाले, "असंच."

असंच काही नसतं.

डोक्यातून जात नाही. पाणी जर खरंच गेलं असेल तर कुठून? पावसात मी मशीन कधी बाहेर काढलं नाही. आमच्या लालबागच्या खोलीत जागा नाही म्हणून मशीन, कोयता, खुरपी सगळं खोताच्या वाडीत माझ्या मैत्रिणीच्या, मॉडच्या ओट्यावरच्या लाकडी पेटीत असतं. संध्याकाळी जाऊन पेटी बघितली. तळाला खंडेनवमीच्या हत्यारपूजेचा झेंडू तसाच सुकलेला. ह्यांनी पूजा केली आणि पेटी झाडलीसुद्धा नाही. मी तेव्हा तापाने घरी पडले होते.

आणि पेटीला टेकून काय? मॉरिसचा पाण्याचा पाइप! मॉडचा नवरा दर शनिवारी पाइपने ओटा धुतो. पेटीला केवढी फट आहे!

१७ ऑक्टोबर

भांडण झालं. व्हायलाच हवं होतं.

मॉरिस म्हणाला, "नो नो शांता, मी पेटीवर प्लास्टिक टाकतो. आय स्वेअर." मी म्हटलं, शपथा घेणारे खूप बघितले. मॉड गप्प. एरवी माझ्या एका शब्दाला तिचे चार. तिने ह्यांच्याकडे बघितलं. हे स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

मग म्हणाली, "असेल. लागलं असेल पाणी. सॉरी गो."

मॉरिस तोंड उघडायला गेला तर त्याला म्हणाली, "मॉरिस, गप."

म्हणजे कबूल! वीस वर्षांची मैत्री आणि मी विचारेपर्यंत बोलली नाही. हत्यारं उचलून आणली. आता कोयता पलंगाखाली आणि खुरपी फ्रिजवर. राहू देत.

१९ ऑक्टोबर

प्राची ऑफिसातून आली, चकल्या तळताना तिला सगळं सांगितलं. लेक शिकली त्याचा आज उपयोग.

ती म्हणाली, वॉरंटी संपली म्हणजे सगळं संपलं असं नाही. वस्तूत मुळातच खोट असेल आणि ती नंतर बाहेर आली, तरी कंपनीला जाब विचारता येतो. दुकानदार नुसतं तोंडाने "पाणी" म्हणाला त्याला काही अर्थ नाही. लेखी मागायचं. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकायची. पण पाणी खरंच गेलं असेल तर चूक आपली, मग काही नाही मिळत.

मी म्हटलं, टाक. लिही, पाणी गेलेलं नाही.

"आई, एक मिनिट. मॉड आंटीशी तू पाणी गेलं म्हणून भांडलीस. कंपनीशी पाणी गेलं नाही म्हणून भांडणार. दोन्हीकडे कसं चालेल?"

"उघडून दाखवू देत. मग ठरवू कोणाशी भांडायचं ते."

तिने शेवटी तसंच लिहिलं: माझ्यासमोर उघडून दाखवा आणि कारण लेखी द्या. तेवढं बस.

हे आतल्या खोलीतून म्हणाले, "पोरीला कशाला कामाला लावतेस?" ह्यांना दुकानदाराने काही चारलंय का? मला आता तसाच वास येतोय.

२० ऑक्टोबर

कुंपण झालं. मेघना मॅडम म्हणाली, हाताचं जास्त छान दिसतं. आता म्हणते. एजन्सीचं नाव नाही काढलं. मी पण नाही काढलं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

मॉडकडे फराळ पाठवला नाही. डबा भरला होता. परत ओतला.

२५ ऑक्टोबर

पुष्करचा फोन. आवाजात एकदम साखर. "मावशी, थेट तक्रार कशाला केलीत? आधी बोलायचं ना." बोललेच होते, तेव्हा तू नवीन मॉडेल दाखवत होतास. कंपनीचा माणूस ३१ तारखेला दुकानात येणार, माझ्यासमोर मशीन उघडणार, काय निघेल ते लिहून देणार.

बघितलं? नुसतं "संपली" म्हटल्यावर घरी आले असते तर?

ह्यांना सांगितलं. ताटात भात तसाच ठेवला आणि उठले.

२८ ऑक्टोबर

हे आज देवापुढे बराच वेळ बसले. काय मागत होते? मला बघून घंटी वाजवली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

उघडलं.

कंपनीचा अमित नावाचा माणूस होता. नीट बोलला. माझ्यासमोर एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवला. प्राचीने फोनवर शूटिंग धरलं. पुष्कर हाताची घडी घालून उभा. मी त्याच्याकडे बघत होते. म्हटलं, आता तुझं नाक बघते.

वरचं झाकण निघालं. अमित थांबला. म्हणाला, "मावशी, हे काय आहे?"

बटणाच्या खाली चिकट थर. तारा हिरव्या पडलेल्या. आणि त्या थरात लाल. बोटाला लावून बघितलं तर कुंकू. एका तारेला झेंडूची पाकळी चिकटलेली. वास आला तो नारळाचा, आंबलेल्या.

पुष्करने हाताची घडी सोडली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

अमितने कागदावर लिहिलं: आत पातळ पदार्थ गेल्याने बिघाड. वाचून दाखवलं. मी सही केली. निघालं ते निघालं. उघडून दाखवा मीच म्हटलं होतं. नवीन बटण आणि तारा घालून देतो म्हणाला, दुकानात आठवड्याने या. खर्च आपला.

घरी आल्यावर ह्यांना काही विचारावं लागलं नाही. माझं बोट अजून लाल होतं.

"खंडेनवमीला आमच्या खात्यात प्रत्येक साच्यावर नारळाचं पाणी शिंपडायचो," हे म्हणाले. "कधी काही झालं नाही. लोखंडाची होती ती."

मग माझ्या बोटाकडे बघत, "तुला ताप होता. म्हटलं, तुझ्या मशीनची पूजा नीट व्हायला हवी. म्हणून थोडं जास्त घातलं."

एवढ्या दिवसांच्या शिव्या तोंडात तयार होत्या. चहा टाकला.

मॉडला काय तोंड दाखवू?

२ नोव्हेंबर, रविवार

आज त्यांचा, ख्रिश्चनांचा, मेलेल्यांचा दिवस. मॉडच्या सासूच्या कबरीसाठी फुलं घेऊन गेले, दरवर्षी नेते तशी. दार तिनेच उघडलं. मी उंबऱ्यातच बोलून टाकलं, "मॉड, मॉरिसचं पाणी नव्हतं. नारळाचं होतं."

"माहितेय," ती म्हणाली. "तुझ्या जयवंतने आणलेला नारळ कुजका निघाला. दुसरा मीच दिला त्याला. इथेच ओट्यावर फोडला."

"मग माझ्या शिव्या का खाल्ल्यास?"

"माझ्याशी तू दोन आठवडे बोलली नसतीस. त्याला जन्मभर बोलली असतीस."

फुलं माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, कोयता घेऊन ये परत, पेटी रिकामी आहे.